कृपासदन आणि कर्ममठ

पुण्यात कोथरूडला कर्वे पुतळ्याच्या आसपास संध्याकाळी फिरावयास निघणाऱ्या निवृत्त मंडळींत ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो, आणि तो इतक्या वेळा व इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की त्याला आता कोथरूडच्या लोकमताची प्रतिष्ठा लाभली आहे असे म्हणावयास हरकत नाही. आमच्याकडे केल्या कर्माचे फळ भोगल्यावाचून सुटका नाही, त्यांच्याकडे मात्र येशूवर विश्वास ठेवला की सारी पापे माफ. रविवारी चर्चमध्ये जाऊन आले की सोमवारपासून माणूस मोकळा, असा तो आक्षेप. याच मंडळींजवळ पंडिता रमाबाईंचे नाव काढावे, तर सूर तत्काळ पालटतो. बाईंचे कार्य थोर, त्याबद्दल दुमत नाही. धर्मांतर तेवढे त्यांनी करावयास नको होते. म्हणजे सिद्धान्त आळशांच्या सोयीचा, आणि ज्या बाईने तो पत्करला तिने मात्र आयुष्यभर हाडांची काडे केली, ही विसंगती कोणाला जाणवतही नाही.

रमाबाईंचे कार्य ठेवून घ्यावे आणि त्यांची श्रद्धा साभार परत करावी, ही सोयीची वाटणी पुण्याने शंभराहून अधिक वर्षे चालविली आहे. ती मला मान्य नाही. त्यांच्या कार्याची मुळे त्या श्रद्धेतच आहेत, आणि ती श्रद्धा समजून घ्यावयाची तर ईश्वराची कृपा, मनुष्याचा विश्वास आणि त्याच्या हातून घडणारी सत्कर्मे यांच्या परस्परसंबंधाविषयी ख्रिस्ती धर्मात जो दीर्घ वाद झाला, त्याची थोडीतरी ओळख करून घेणे भाग आहे.

हा वाद मठातल्या निरुद्योगी पंडितांनी उपस्थित केला असे समजण्याचे कारण नाही. त्याचा उगम आपल्या चांगल्या परिचयाच्या गोष्टीत, म्हणजे पंक्तिभेदात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अंत्युखिया नगरात यहूदी आणि यहूदीतर अशा दोन्ही कुळींचे ख्रिस्ती लोक एका पंगतीस बसत, आणि येशूच्या शिष्यांतील अग्रणी जो पेत्र तोही त्यांच्यात बसत असे. परंतु यरुशलेमेहून काही कर्मठ मंडळी तेथे येऊन दाखल झाली, तेव्हा ती काय म्हणतील या धास्तीने तो पंगतीतून उठला आणि वेगळा बसू लागला. प्रेषित पौलाने त्याला सर्वांच्या देखत धारेवर धरले. ही हकिकत पौलाने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद करून ठेवली आहे, आणि मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, हा जो सिद्धान्त पुढे युरोपभर गाजला, तो त्या पत्रात ह्या पंगतीच्या तक्रारीला लागूनच येतो. तेव्हा कृपेच्या सिद्धान्ताने प्रथम जो प्रश्न निकालात काढला तो 'पाप केले तर चालेल काय' हा नव्हताच. देवाच्या पंगतीत बसण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्यासाठी कोणत्या कुळाचा, संस्काराचा वा आचाराचा दाखला दाखवावा लागेल, असा तो प्रश्न होता. आणि पौलाचे उत्तर असे की दाखला लागत नाही.

नव्या करारातच याकोबाचे पत्र आहे, आणि त्याचा रोख निराळा आहे. उघड्यानागड्या, उपाशी भावाला काही न देता 'देव तुझे भले करो' म्हणून वाटेला लावणारा विश्वास काय कामाचा, असा त्याचा रोकडा सवाल आहे. ही दोन पत्रे एकाच ग्रंथात शेजारी बांधली गेल्यामुळे पुढच्या पिढ्यांना स्वस्थ बसता आले नाही. मनुष्य स्वबळावर सदाचारी होऊ शकतो असे पेलागियसने म्हटले, तेव्हा ऑगस्टीनने त्याचा अखेरपर्यंत प्रतिवाद केला आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत त्याज्य ठरविले. अकराशे वर्षांनी, पापदंडाच्या माफीची पत्रे पैसे घेऊन विकली जाऊ लागली असता, 1517 साली मार्टिन ल्यूथरने त्या व्यवहाराविरुद्ध आवाज उठविला. केवळ विश्वासाने तारण, असा त्याचा आग्रह होता, आणि याकोबाचे पत्र त्याला इतके अडचणीचे वाटे की आपल्या 1522 च्या जर्मन भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीच्या मोलाचे ठरविले. रोमने 1547 साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले: आरंभ कृपेचाच, परंतु त्या कृपेला मनुष्याने रुकार द्यावयाचा असतो आणि प्रेमाने केलेल्या कर्मांवाचून विश्वास पूर्णत्वाला जात नाही. मर्कटाचे पिलू आपल्या हातांनी आईला बिलगते आणि मार्जाराचे पिलू आई तोंडात धरून नेते, या दोन न्यायांवरून दक्षिणेतील वैष्णवांत जी दोन घराणी झाली त्यांचा वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ट्रेंट आणि ल्यूथर यांच्यामधील अंतर समजावून सांगावे लागू नये.

या वादापायी युरोपात जो रक्तपात झाला त्याचे वर्णन येथे नको. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि पुढे 2006 साली मेथडिस्टांनीही त्याला संमती दिली. तारण कृपेनेच, मनुष्याच्या कोणत्याही कमाईमुळे नव्हे. परंतु ही कृपा ज्याला लाभली तो सत्कर्मांसाठीच नवा केला जातो, असा त्या तहनाम्याचा मथितार्थ आहे. सत्कर्म हे तारणाचे मोल नसून तारणाचे फळ आहे, एवढे पक्के ध्यानात ठेवले म्हणजे कोथरूडच्या आक्षेपातली निम्मी हवा निघून जाते. उरलेली निम्मी काढून टाकण्याचे काम डीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 सालीच करून ठेवले आहे. पश्चात्तापावाचून मिळणारी क्षमा आणि येशूच्या मागे चालण्याची तोशीस न पडता मिळणारे समाधान यांना त्याने 'स्वस्त कृपा' असे नाव देऊन तिच्यावर कोरडे ओढले, आणि हिटलरला विरोध करताना 1945 साली फाशी जाऊन कृपा किती महाग असू शकते तेही दाखविले. आपले निवृत्त टीकाकार ख्रिस्ती धर्माला जे विचारतात, ते त्या धर्मातल्या माणसांनी त्याहून पुष्कळ कठोर शब्दांत स्वतःला विचारून झाले आहे.

आता रमाबाईंकडे येऊ. 23 एप्रिल 1858 ही त्यांची जन्मतारीख. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे प्रकांड संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा निर्बंध त्यांनी स्वतःच्या पत्नीसाठी आणि मुलींसाठी मोडला, परंतु पुण्यसंचयावरची त्यांची निष्ठा अढळ होती. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थामागून तीर्थे करीत, देवळांच्या आवारात पुराणे सांगत हिंडले, आणि जे द्रव्य मिळाले ते दानधर्मात व व्रतवैकल्यांत वेचीत गेले. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळची पुंजी संपली, भांडीकुंडी गेली. विद्वान कुळाने मोलमजुरी कशी करावी या अभिमानापायी कोणी काम मागावयास गेले नाही, आणि देव आता प्रसन्न होईल, मग प्रसन्न होईल या आशेवर उपास, जप, प्रदक्षिणा चालूच राहिल्या. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मागाहून थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी चालत अखेर कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील पंडितांनी 1878 साली वीस वर्षांच्या त्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या अर्पण केल्या.

बाईंनी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत हा सारा वृत्तान्त दिला आहे, आणि तो वाचताना एक गोष्ट मनात ठसते. त्या आईबापांना दोष देत नाहीत. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. परंतु धर्मशास्त्रांचे अध्ययन करताना त्यांना आढळून आले की आपसात सर्व बाबतींत भांडणारे ग्रंथ एका मुद्द्यावर मात्र एकमत आहेत: स्त्रीला, आणि शूद्राला, मोक्षाचा सरळ अधिकार नाही, पतीची देव मानून सेवा केली तर त्या वाटेने काय होईल ते होईल. म्हणजे कर्माचा मार्ग फळतो की नाही हा प्रश्न पुढचा. त्या मार्गावर पाऊल टाकण्याचीच मुभा नव्हती. ज्यांना जन्मतःच अधिकाराची सनद मिळाली त्यांना कृपेचा सिद्धान्त फुकटेपणाचा वाटणे साहजिक आहे. जिला दारातच अडविले होते तिला तो कसा वाटला असेल, याचा विचार कर्वे पुतळ्याजवळच्या चर्चेत झालेला मी ऐकलेला नाही.

बाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने. धर्मांतराचा विचार त्यांच्या मनात नव्हता. पुण्यातील पंचहौद मिशनशी संबंध असलेल्या ज्या भगिनींच्या ओळखीने त्या गेल्या, त्यांचे मुख्य ठाणे वाँटेज येथे होते. तेथील भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथील आपल्या शाखेत पाठविले आणि तेथे चाललेले पतित स्त्रियांच्या उद्धाराचे काम दाखविले. ज्यांना समाजाने उकिरड्यावर टाकले होते अशा बायका त्या घरात येऊन सावरलेल्या आणि आता दुसऱ्या रोग्यांची शुश्रूषा करीत असलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. स्वदेशात अशा बायकांसाठी कोणी काही करताना त्यांनी पाहिले नव्हते. जे पाहिले होते ते शासन आणि बहिष्कार. हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. त्या बाईचे पाच नवरे झालेले, सहाव्याशी लग्न नाही, वर जात हलकी. आणि येशू तिच्याच हातचे पाणी मागतो. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

यात क्रम कसा लागला ते पाहण्यासारखे आहे. आधी इतरांचे सत्कर्म दिसले, त्याच्यामागे विश्वास दिसला, आणि विश्वासाच्या मुळाशी कृपेची कथा सापडली. पौलाने वरून खाली लावलेली संगती रमाबाई खालून वर चढत गेल्या.

आणि तरीही त्या अजून पोहोचल्या नव्हत्या. इंग्लंडमधील त्यांचा पत्रव्यवहार ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की ही नवख्रिस्ती बाई गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्यापासून बिशपाच्या अधिकारापर्यंत प्रत्येक बाबीवर वाद घालीत होती, आणि पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसरे चढवून घेण्याची आपली इच्छा नाही असे स्पष्ट कळवीत होती. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगले ते असे: ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे उमगण्यास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त निमित्त झाले. हा हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षे पाळकाचे काम करीत होता, मंदिरे बांधीत होता, विधी निष्ठेने पार पाडीत होता. आणि 1851 साली एका रविवारी व्यासपीठावरून प्रवचन करता करता त्याचा स्वतःचाच पालट झाला, तेव्हा श्रोत्यांतून कोणीतरी ओरडले की पाळकबुवांचे परिवर्तन झाले! आचारात काडीची कसूर नसलेला मनुष्य आतून कोरडा राहू शकतो, हे रमाबाईंना त्या पुस्तकात दिसले, आणि अनंतशास्त्र्यांच्या कन्येला ते पटावयास दुसऱ्या पुराव्याची आवश्यकता नव्हती. बाप्तिस्मा, प्रार्थना, संस्था, परोपकार ही सगळी जमेची कलमे धरून आपण पुन्हा जुनेच पुण्य साठवीत आहो की काय, हा तो प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर मिळाले तेव्हा त्या इंग्लंडात नव्हत्या, पुण्यात होत्या.

त्या वेळचे पुणे काय करीत होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन, म्हणजे विधवांच्या शिक्षणासाठी रमाबाईंनी काढलेली संस्था, 1890 च्या नोव्हेंबरात पुण्यास आले. त्याच्या महिनाभर आधी, 14 ऑक्टोबर 1890 रोजी, पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या पुण्यातील नामांकित गृहस्थांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा प्याले, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पण उपस्थितांची नावे गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने 'पुणेवैभव' या पत्रात छापून आली आणि सुप्रसिद्ध ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. टिळक, रानडे, गोखले ही मंडळी त्या यादीत होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी कमिशन नेमले गेले, कोणी किती घोट घेतले त्या मानाने प्रायश्चित्ताची प्रतवारी ठरू लागली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे असा जबाब टिळकांनी दिला, आणि रानड्यांनीही 1892 साली स्नेह्यांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतले. एका पेठेत एवढ्या थोर बुद्धीची माणसे पंगतीच्या अपराधाला कोणते कर्म पुरे पडेल याचा खल करीत होती, आणि त्याच शहरात एक बाई कोणतेही कर्म पुरे पडत नाही आणि पडण्याची गरजही नाही या निर्णयावर येत होती. इतिहासाला कधीकधी विनोदबुद्धी असते.

अर्थात पुण्याने बाईंना सुखासुखी राहू दिले नाही, आणि यात दोष एकाच पक्षाचा होता असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. सदनात धर्माबाबत तटस्थता पाळली जाईल असे आश्वासन होते. बाई सकाळी आपल्या खोलीत शास्त्रवाचन व प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि मुली आपखुशीने येऊन बसत. दार लावून घ्या असे सुचविण्यात आले; बाईंनी ते मानले नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि 1893 च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिवाल्या सल्लागारांनीही राजीनामे दिले. ज्या बापाने आपली बालविधवा मुलगी शिक्षणासाठी म्हणून विश्वासाने पाठविली त्याची तक्रार मला निराधार वाटत नाही. दिलेल्या वचनाचा अर्थ दोन्ही पक्षांनी सारखाच लावला पाहिजे. परंतु बाईंच्या बाजूने एवढे म्हणता येईल की जिला वाटते की आपल्याला जे लाभले ते कमाईने लाभलेले नाही, तिला ते दार लावून भोगणे अवघडच जाणार.

या पुढचे कार्य सर्वांना माहीत आहे, आणि तेच काय ते आपण ठेवून घेतले आहे. 1896-97 च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची बंधने असल्यामुळे त्यांना दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे, बाईंनी आधीच घेतलेल्या जमिनीवर, झोपड्या घालून ठेवण्यात आले, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या पुढे, आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छापखाना, तेलघाणा, शेती, आंधळ्यांची शाळा असा तो कारभार होता. अमेरिकेतील रमाबाई मंडळाने दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपत आल्यावर बाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचा कित्ता पुढे ठेवला. त्या गृहस्थाने हजारो अनाथ पोसले, परंतु वर्गणीसाठी कोणापुढे हात पसरला नाही, गरज केवळ प्रार्थनेत मांडली. दोन हजार पाने रोज मांडावयाची आणि उद्याच्या शिध्याची तजवीज देवावर टाकावयाची, हा विश्वास आरामखुर्चीतला म्हणता येईल काय?

त्या आवारातील एका इमारतीकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. फसविल्या गेलेल्या, वाममार्गाला लावल्या गेलेल्या बायकांसाठी बाईंनी तेथे वेगळे घर काढले आणि त्याचे नाव 'कृपासदन' ठेवले. फुलममध्ये जे पाहिले होते त्याची ही परतफेड. लोकांच्या विश्वासावर आणि वर्गणीवर चालणाऱ्या त्या काळच्या विधवाश्रमांना दाखल होणाऱ्या बाईच्या कुळाविषयी आणि वर्तनाविषयी काटेकोर राहणे भाग पडे; एखादे प्रकरण बाहेर फुटले की सारी संस्था बदनाम होण्याची भीती. कृपासदनात येण्यासाठी निष्कलंकतेचा दाखला लागत नव्हता, उलट तो नसणे हीच तेथील पात्रता होती. कृपेचा सिद्धान्त बाजूस काढून हे घर समजावून सांगण्याचा प्रयत्न कोणी करून पाहावा. दया म्हणता येईल, समाजसेवा म्हणता येईल, पण त्या बाईला 'तू आधी सुधार, मग आत ये' असे का म्हटले गेले नाही, याचे उत्तर ह्या शब्दांतून निघत नाही.

आता ज्यांच्या पुतळ्याजवळ ही चर्चा चालते, त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांकडे वळू. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, म्हणजे रमाबाईंहून पाच दिवसांनी ते मोठे. आणि त्यांची द्वितीय पत्नी गोदूबाई, पुढे आनंदीबाई किंवा नुसत्या बाया म्हणून ओळखल्या गेलेल्या, ही शारदासदनातली अगदी पहिल्या वेळची विधवा विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 रोजी, शारदासदनाच्या स्थापनादिनीच, त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. शारदासदनावरून उठलेल्या वादळानंतर ख्रिस्ती होण्याची धास्ती नसलेल्या संस्थेची उणीव समाजाला भासत होती. कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, आणि 1900 साली तो हिंगण्याच्या माळावर आणला. फर्ग्युसन महाविद्यालयात दिवसभर गणित शिकवून, चिखल तुडवीत कैक मैल चालत जाणारे प्राध्यापक कर्वे हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. 1908 साली त्यांनी आजन्म सेवेची शपथ घेतलेल्या कार्यकर्त्यांचा जो संघ स्थापन केला, त्याचे नाव 'निष्काम कर्ममठ'.

केडगावी कृपासदन आणि हिंगण्यास कर्ममठ. ही दोन नावे एकमेकांना उत्तर म्हणून ठेवलेली नाहीत, तरी त्यांच्यातील संवाद मला ऐकू येतो. कर्मफळावरचा हक्क सोडावयाचा, ही दोहोंची समान अट. ल्यूथरची पुण्यसंचयावरील चिडलेली टीका आणि गीतेचा निष्कामतेचा आग्रह यांचे शत्रू निराळे नाहीत. स्वर्गाच्या हिशेबावर डोळा ठेवून केलेले दान दोघांनाही नको आहे. फरक आहे तो आरंभाच्या ठिकाणी. निष्काम कर्माचा उपदेश अर्जुनाला केलेला आहे, ज्याच्या हाती धनुष्य आहे आणि ते पेलण्याचे बळही आहे. कृपेची कथा विहिरीवरच्या बाईची आहे, जिच्या हाती रिकामी घागर आहे. एक सिद्धान्त समर्थाला नम्र करतो, दुसरा असमर्थाला उभे करतो. समाजाला दोन्ही हवेत असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे, परंतु मला वाटते की दुबळ्यांविषयी बोलताना पुणेरी सुधारकी परंपरेने समर्थाचीच भाषा अधिक वापरली, आणि म्हणूनच कृपेची गोष्ट तिच्या कानाला परकी लागली. कर्व्यांनी 1944 साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. आपल्या संस्थांच्या दारातून उच्चवर्णीयांपलीकडच्यांना पुरेसे आत घेतले गेले नाही, ही जाणीव त्यामागे नसेल असे म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. निष्काम कर्माचा खर्च बहुधा घरातील बाईच्या नावे पडतो. कर्वे मिळेल ते आश्रमाला देत गेले, आणि संसार कसा रेटावा हा घोर बायांना राहिला. त्यांनी 1944 साली प्रसिद्ध झालेल्या 'माझे पुराण' या आत्मकथनात तो मोकळेपणाने बोलून दाखविला आहे. महर्षींच्या चरित्रांत ती बाजू एका परिच्छेदात आटोपते. बाया रमाबाईंच्या सदनात शिकल्या, हिंदूच राहिल्या, हिंगण्याच्या कार्यासाठी आयुष्य वेचले, आणि रमाबाईंविषयीची कृतज्ञताही त्यांनी सोडली नाही. दोन्ही सिद्धान्तांचा भार एकाच अंगावर वाहिलेली ही बाई तत्त्वज्ञांच्या पुस्तकांत कोठेही नाही.

कर्व्यांचे देहावसान 9 नोव्हेंबर 1962 रोजी झाले. त्याच शरद्ऋतूत रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती, आणि तिने 1964 साली चर्चविषयी जे फर्मान काढले त्यात असा निर्णय आहे की स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जे सद्भावाने सत्याचा शोध घेतात आणि विवेकाच्या हाकेप्रमाणे वागण्याची शिकस्त करतात, त्यांनाही तारण मिळू शकते. मात्र तेही कृपेच्याच बळावर. म्हणजे रोमच्या हिशेबी हिंगण्याचा कर्ममठही कृपेच्याच जमिनीवर उभा ठरतो. रमाबाईंना हा निवाडा पसंत पडला नसता. ज्या नावाने आपल्याला दार उघडले ते नाव न घेता कोणी आत जाऊ शकतो, हे त्यांच्या कडव्या श्रद्धेला सोसले नसते, आणि त्यांच्या कार्याचा गौरव करणाऱ्यांनी त्यांचा हा कडवेपणाही नजरेआड करू नये. कर्वे तर देवाविषयी ठाम विधान करण्याच्या भानगडीत पडणारे नव्हते. परंतु हिंगण्याचा तो माळ आणि वर साडेसातशे रुपये त्यांना रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिले होते, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता. तेव्हा रोमचे म्हणणे निदान जमिनीपुरते तरी खोडून काढणे त्यांना जड गेले असते.